मयुरीच्या वर्गातला दुसरा आवाज

जळगावजवळच्या असोद्याच्या तोताराम भंगाळ्यांची थोरली मुलगी मयुरी नऊ वर्षांची असताना तिला फळ्यावरचं दिसेनासं झालं आणि चौदाव्या वर्षापर्यंत उजेडही गेला. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार होता, त्यावर औषध नव्हतं. पुण्याच्या वसतिगृहात राहून ती बी.ए. झाली, संगणक शिकली आणि परत असोद्याला आली. आज ती एकतीस वर्षांची आहे. जळगावातल्या एका संस्थेसाठी ती घरी बसून ऑनलाइन वर्ग घेते आणि नव्यानं दृष्टी गेलेल्या माणसांना संगणक शिकवते. यंदा तिच्या वर्गात नऊ जण आहेत. कोणी चाळीसगावचं, कोणी शिरपूरचं, एक जण बोदवड स्टेशनजवळ राहणारा.

संस्थेला कुठल्याशा कंपनीनं वापरून झालेले संगणक दिले होते. त्यांच्यावर नवं विंडोज चालेना, म्हणून लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. एक संगणक मयुरीला मिळाला, बाकीचे शिकणाऱ्यांच्या घरी गेले. न दिसणारा माणूस संगणक वापरतो तो कानानं. पडद्यावर जे असेल ते एक वाचक-प्रोग्राम सपाट, यंत्राच्या आवाजात वाचून दाखवतो. मयुरी त्याला नुसतं 'वाचक' म्हणते.

तिच्या कामातली अडचण समजायला एवढंच लक्षात ठेवावं लागतं, की तिच्या वर्गात आवाज दोन असतात. एक तिचा स्वतःचा, माइकमधून जाणारा. दुसरा वाचकाचा, संगणकाच्या पोटातून निघणारा. फाइल कशी उघडायची हे शिकवताना वाचक काय बोलतो ते मुलांना (वय काहीही असो, शिकणाऱ्यांना ती मुलंच म्हणते) ऐकू जायला हवं, नाहीतर शिकवणंच होत नाही. पण ती स्वतःची टिपणं वाचत असते किंवा कोणाचा फोन नंबर शोधत असते, तेव्हा तो आवाज फक्त तिच्या कानात राहायला हवा. त्यासाठी संस्थेतल्या कोणीतरी पूर्वी एक कळ बसवून दिली होती. ती दाबली की वाचक वर्गात, पुन्हा दाबली की वाचक फक्त तिच्यापाशी. तीन वर्षं ही कळ बिनतक्रार चालली.

मार्च महिन्यात संगणकानं स्वतःला अद्ययावत करून घेतलं. आवाज इकडून तिकडे नेणारी जुनी व्यवस्था गेली आणि पाइपवायर नावाची नवी आली. मयुरीला याचा पत्ता नव्हता. कळ दाबल्यावर पूर्वीसारखाच 'टक्' असा आवाज होत होता. त्या टक्-वर ती विश्वासून राहिली.

एका बुधवारी सकाळी अकराच्या वर्गात तिनं सगळ्यांना पत्र टाइप करायला सांगितलं, कळ दाबली आणि हजेरी भरायला घेतली. तेवढ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चोपड्याच्या मावशीचा निरोप आला. वाचकानं तो वाचला, जसा तो सगळंच वाचतो.

"मुलाकडचे म्हणतात आंधळी सून स्वयंपाक कसा करणार. पण मुलगा बिजवर आहे, दोन लेकरं आहेत, त्यामुळे विचार करतील. मयुरीला आत्ताच काही सांगू नका."

मावशीला तो निरोप बहुधा मयुरीच्या आईला, एकट्या कुंदाबाईंना पाठवायचा होता. मयुरीच्या कानात तो वाजला तेव्हा तिला पहिल्यांदा फक्त राग आला. मग हेडफोनमध्ये नऊ घरांतली टाइप करायची टकटक एकदम थांबली. वर्गात कोणी हसलं नाही, कोणी खोकलं नाही. त्या शांततेवरून तिला कळलं की कळ चाललेली नाही. तिनं पत्राचा मायना पुन्हा समजावून सांगितला, अकरा पन्नासला वर्ग संपवला आणि संगणक बंद केला.

आईशी तिचं बोलणं स्वयंपाकघरात झालं. कुंदाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. मयुरीनं मावशीच्या निरोपाबद्दल विचारलं.

"तुले दुख होईन म्हणून नाही सांगितलं व माय," त्या म्हणाल्या.

मयुरीनं स्थळाबद्दल एक शब्द विचारला नाही. ती म्हणाली की स्थळ येवो न येवो, तिच्या वर्गातली मुलं तिला मॅडम म्हणतात, आणि आज त्यांनी हे ऐकलं. कुंदाबाईंना संगणकातून व्हॉट्सॲप वर्गात कसं गेलं ते कळेना. मयुरीलाही ते सांगता येईना, आणि आपल्याला सांगता येत नाही, याचाच तिला जास्त संताप आला.

संस्थेचे संगणक बघणारे रुपचंद पाटील दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर असोद्याला आले. पंचेचाळिशीचा, भला माणूस. त्यांनी एक प्रोग्राम घातला. त्यात पडद्यावर चौकोन दिसतात. एक चौकोन माइकचा, एक वाचकाचा, एक हेडफोनचा, एक वर्गाचा. चौकोनाचौकोनांत तारा काढलेल्या असतात आणि माउसनं तार ओढून कुठूनही कुठेही जोडता येते. रुपचंदना ते फार आवडलं. "मॅडम, एकदम सोपं आहे," ते म्हणाले. त्यांनी नको ती तार तोडली, हवी ती जोडली, वर्गात आवाज बरोबर जातो का ते बघितलं आणि चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केल्यावर सगळ्या तारा मूळच्या जागी होत्या.

मयुरीनं फोन केला. रुपचंद म्हणाले, डावीकडच्या हिरव्या चौकोनातून उजवीकडे ओढा. मयुरीनं शांतपणे विचारलं, की हिरवा चौकोन तिनं कसा ओळखावा. ते ओशाळले. वाचक त्या प्रोग्राममध्ये 'खिडकी' एवढाच एक शब्द बोलत होता. चौकोन नाही, तार नाही, काही नाही. कळफलकावरून त्यातलं काहीच हलत नव्हतं. पुढचे दहा दिवस रोज वर्गाआधी हीच रड. ती फोन करी, रुपचंद बैठकीत असत, किंवा गाडीवर असत, किंवा म्हणत की काल तर चालत होतं. ती वर्ग सुरू झाला की वाचक बंदच करून नुसतं तोंडी शिकवू लागली. मुलांना काही कळेना. शिरपूरच्या एका मुलीनं दोन दिवस येणंच बंद केलं.

शेवटी एका सकाळी रुपचंद म्हणाले, "घरात कोणी डोळस माणूस असेल तर त्याला माउसवर बसवा, मी फोनवर सांगतो."

मयुरीचे वडील, तोतारामभाऊ, नुकतेच मळ्यातून आले होते. केळीची कापणी चालू होती, ट्रक रस्त्यावर उभा होता, तरी ते बसले. केळीच्या चिकानं काळी पडलेली बोटं त्यांनी आधी धोतराला पुसली आणि माउस असा धरला की जणू तो उडून जाईल. रुपचंद फोनवर सांगत होते, तोतारामभाऊ इंग्रजी अक्षरं जुळवत होते.

"ही निळी तार कोठी लावू व बाई?"

मयुरीनं सांगितलं की रुपचंदभाऊ सांगतील तिथे. तार एकीकडे ओढली, दुसरीकडे लागली. मग कुठलीशी यादी उघडली, त्यातलं एक नाव निवडलं गेलं, आणि वाचक वाक्याच्या मध्येच गप्प झाला.

डोळस माणसाचा संगणक मुका झाला तर त्याचं गाणं बंद होतं. मयुरीचा संगणक मुका झाला की तिच्यासमोर फक्त कळांची एक फळी उरते. तोतारामभाऊंनी दोन-तीन ठिकाणी माउस दाबून पाहिला. रुपचंद तिकडून विचारत होते की आता काय दिसतंय, आणि तोतारामभाऊंना जे दिसत होतं ते सांगता येत नव्हतं. बाहेरून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

"माह्याकडून बिघडलं का काही?" तोतारामभाऊंनी विचारलं.

मयुरी म्हणाली, नाही, तुम्ही जा, माल उन्हात पडेल. ते गेले. पायरीवर चपला शोधायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला, हे तिनं ऐकलं.

तिनं संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. नेहमी यानं निदान वाचक तरी परत येई. आज आला नाही. पुढे तिला कारण समजलं. या नव्या व्यवस्थेत हातानं जोडलेली तार मशीन बंद झालं की विसरली जाते, पण कोणी एकदा 'आवाज या स्पीकरला पाठव' असं निवडलं की ते मात्र पक्कं लक्षात ठेवलं जातं. तोतारामभाऊंकडून आवाज पडद्याच्या वायरीकडे वळला होता, आणि त्या पडद्याला स्पीकरच नव्हता. वाचक बोलत होता, बोलतच होता, पण ऐकू येण्याची सोय नव्हती.

त्या क्षणी तिला हे काही माहीत नव्हतं. तिनं रुपचंदना फोन लावला, तो लागला नाही. अकराच्या वर्गाला चाळीस मिनिटं होती. वर्ग रद्द केल्याचं कळवायला तिनं मोबाइल उचलला आणि सगळ्यात आधी झुलाल नानांना लावला, कारण नाना साडेदहापासूनच हेडफोन घालून बसतात.

झुलाल नाना धुळ्याचे. वय पंचावन्न. तीस वर्षं त्यांनी पाण्याच्या मोटारी भरल्या, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळली. रक्तातल्या साखरेनं डोळे गेले. वर्गातले सगळ्यात सावकाश शिकणारे तेच, आणि न कंटाळणारेही तेच. मयुरीनं त्यांना काय झालं ते सांगितलं. वर्ग होणार नाही एवढं सांगून ती फोन ठेवणार होती.

नाना म्हणाले, "ताई, मनं मशीन आनि तुनं मशीन एकच खेपनं शे. मनाकडे जे नाव शे, तेच तुनाकडे ऱ्हाई."

दोन्ही मशीन एकाच खेपेला आलेली, म्हणजे दोन्हींत स्पीकरचं नावही एकच असणार. हे तिला सुचायला हवं होतं. संगणकाला हुकूम लिहून देणं तिला येत होतं. आवाज अमुक स्पीकरला पाठव, असा हुकूम होता. पण त्यात स्पीकरचं पूर्ण नाव लागतं, आणि नाव ऐकवणारा वाचकच मुका होता. नानांचा वाचक मात्र बोलत होता.

तिनं नानांना यादी मागवायचा हुकूम अक्षर अक्षर सांगितला. नानांनी तो तीनदा चुकवला. चौथ्यांदा त्यांच्या वाचकानं नाव उच्चारलं, आणि ते त्यांनी एकेक अक्षर करून फोनवर सांगितलं. चाळीसेक अक्षरं, मध्ये टिंबं, आडव्या रेघा, शून्यांची रांग. मयुरीनं ती मोबाइलवर बोलून नोंदवली, परत ऐकली, पाठ केली.

आता आपला कळफलक तरी जिवंत आहे का, हे पाहायचं होतं. हाताच्या सवयीनं तिनं संगणकावर घरचा ग्रुप उघडला, कारण तो सगळ्यात वर असतो, आणि लिहिलं, 'आवाज गेला'. शेजारी पडलेल्या मोबाइलवर तोच ग्रुप उघडला, तर त्यानं तो निरोप वाचून दाखवला. म्हणजे मशीन चालू होतं. मग तिनं हुकूम लिहायची खिडकी उघडणाऱ्या कळा दाबल्या आणि लगेच लिहायला लागली.

जुनं मशीन. खिडकी उघडायला त्याला वेळ लागला, आणि तोवर लिहिलेलं सगळं घरच्या ग्रुपवर गेलं. पुढच्याच मिनिटाला चोपड्याच्या मावशीचा फोन आला. हे काय इंग्रजीत पाठवलंस, मोबाइल कोणी हॅक केला का, तिनं विचारलं.

"मावशी, ते मशीनला लिहिलं होतं," मयुरी म्हणाली. "आणि त्या बुधवारी तू लिहिलेलं माझ्या वर्गातल्या नऊ जणांनी ऐकलं."

मयुरीनं तिला दुसरा शब्द ऐकवला नाही. काम आहे, असं सांगून फोन ठेवला.

या वेळी तिनं कळा दाबून मनात तीसपर्यंत आकडे म्हटले. मग लिहिलं. एक अक्षर चुकलं असतं तरी कळलं नसतं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा एंटर दाबलं, आणि वाचक पहिल्यापासून खिडकीत असलेलं सगळं धडाधडा वाचू लागला, तिच्या दोन चुकांसकट. तो सपाट, कंटाळवाणा आवाज ऐकून तिला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

वर्ग त्या दिवशी झाला नाही. पण आवाज आला का ते विचारायला नानांचा फोन आला. त्यांनी विचारलं की मुळात आवाज कुठून निघतो आणि कुठे जातो, हे तुला तरी नीट माहीत आहे का. मयुरीनं कबूल केलं की नाही. तिनं आत्तापर्यंत दुसऱ्यानं बसवलेली कळ दाबली होती. ती म्हणाली की ते सगळं त्या चौकोनांच्या चित्रात आहे आणि चित्र वाचता येत नाही.

"चित्र सोडी दे," नाना म्हणाले. "आपलाले चित्र काय कामनं? प्रत्येक टोकले नाव शे का, ते सांग."

टोकांना नावं होती. मोटार भरणाऱ्याला एवढं पुरे होतं. पुढचे तीन आठवडे दोघं दुपारी दोन वाजता फोनवर बसत. यादी मागवली की संगणक शब्दांत सांगे, ही आवाज बाहेर सोडणारी टोकं, ही आवाज आत घेणारी टोकं, आणि सध्या कोणतं कोणाला जोडलेलं आहे. ती वाचून घ्यायची, नाना धुळ्यात आपल्या मशीनवर तेच करायचे. एका वेळी एकच तार काढायची आणि काय बंद पडतं ते ऐकायचं, ही नानांची शिस्त. मयुरी घाई करी, दोन तारा एकदम काढी आणि मग कशामुळे काय झालं ते कळत नसे. तिनं वैतागून हेडफोन टेबलावर आपटल्याचं नानांनी एकदोनदा ऐकलंही.

सगळ्यात जास्त छळ झाला तो एका गोष्टीचा. तिनं तार काढली, ती निघाली, खात्री केली, आणि थोड्या वेळानं ती परत जोडलेली निघाली. एकदा, दोनदा, दहादा. आठ दिवसांनी तिला वाचता वाचता कळलं, की पाइपवायर नुसता तारा पुरवतो. कोणती तार कुठे लावायची हे ठरवणारा दुसराच एक प्रोग्राम मागे बसलेला असतो. नवा आवाज सुरू झाला की तो आपल्या नियमानं त्याची जोडणी करून टाकतो. वाचक थोडा वेळ गप्प राहून पुन्हा बोलू लागला की त्याच्या हिशेबी तो नवाच आवाज. त्या प्रोग्रामचं नाव वायरप्लंबर.

नाना पहिल्यांदाच हसले. "वायरमन माले माहीत, प्लंबर माले माहीत. हाऊ वायरप्लंबर कोन शे?"

मयुरीला हसू आलं नाही. आपल्या पाठीमागे कोणीतरी आपलं काम रोज उलटं करून ठेवतो आहे, हे एकतीस वर्षांत तिला नवीन नव्हतं. पण नियम असतील तर ते बदलताही येतात. तिनं एक खोटा माइक तयार केला, म्हणजे नावापुरता, ज्याच्यामागे कोणतीच वस्तू नाही. वर्गाला तोच माइक दिला. त्यात तिचा खरा माइक कायमचा जोडला. वाचकाची तार त्यात जोडायला एक कळ आणि काढायला दुसरी. आणि वायरप्लंबरला नियम लिहून दिला की वाचकाला हेडफोनशिवाय आपणहून कुठेही जोडायचं नाही. नियमातल्या एका कंसासाठी तिचे दोन दिवस गेले.

कळ चालते हे तिनं नानांकडून वर्गाच्या बाजूनं तपासून घेतलं. तपासून झाल्यावर ती फोनवर थोडी घुटमळली. त्या बुधवारबद्दल इतक्या दिवसांत कोणीच एक अक्षर काढलं नव्हतं. तिनं विचारलं की नाना, त्या दिवशी किती ऐकू आलं होतं.

"आम्ही बठ्ठासनी आयकं," नाना म्हणाले. "पन कोन्हीच आयकं नही, आसंच समज ताई."

म्हणजे सगळ्यांनीच ऐकलं होतं. तिनं बरं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशीच्या धड्याचं सांगून फोन ठेवला.

स्थळ पुढे सरकलं नाही. कुंदाबाईंनीच मावशीला नको म्हणून कळवून टाकलं. तोतारामभाऊ त्या दिवसानंतर संगणकाच्या टेबलाजवळ जात नाहीत. धूळ पुसायची असली तरी मयुरीला आधी हाक मारतात. शिरपूरची मुलगी परत आली. रुपचंदांनी मयुरीनं लिहिलेला नियम घेऊन संस्थेच्या बाकीच्या मशीनवर घातला. आता ते सगळीकडे सांगतात की प्रश्न सुटला.

तो सुटलेला नाही. वर्गातल्या तिघांना थोडंसं दिसतं. त्यांना मयुरीचा पडदा मोठा करून दाखवावा लागतो. पडद्याचं चित्र वर्गात पाठवताना संगणक दर वेळी एक पेटी पुढे करतो आणि विचारतो की कोणती खिडकी पाठवू. त्या पेटीत खिडक्यांची छोटी चित्रं असतात, नावं नसतात. वाचक म्हणतो, 'चित्र. चित्र. चित्र.' मयुरी अंदाजानं एक निवडते. कधी बरोबर लागतं, कधी मुलांना नुसता काळा चौकोन दिसतो. त्या पेटीचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तिनं जुलैमध्ये इंग्रजीत तक्रार पाठवली, दोन तास खपून, प्रत्येक पायरी लिहून. आठवड्यानं परदेशातून कोणाचं तरी उत्तर आलं. आमच्याकडे तर सगळं नीट दिसतं, असं त्यात होतं, आणि अडचण नेमकी कुठे येते ते कळावं म्हणून पडद्याचा फोटो काढून पाठवा, अशी विनंती.

ते ऐकून ती उठून अंगणात गेली. कुंदाबाईंनी विचारलं काय झालं, तर काही नाही म्हणाली. परत येऊन तिनं उत्तर लिहिलं की मला दिसत नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. त्या माणसानं लगेच माफी मागितली. पुढच्या आवृत्तीत नावं घालायचा प्रयत्न करू, असं लिहिलं. ती आवृत्ती अजून आलेली नाही.

सध्या मयुरी वर्गाच्या वीस मिनिटं आधी बसते. मोबाइलवरून ती आपल्याच वर्गात शिकणाऱ्यासारखी शिरते, एका कानाला मोबाइल लावते, दुसऱ्या कानात संगणकाचा हेडफोन. कळ दाबते, वाचक मोबाइलमध्ये ऐकू येतो का पाहते. काढते, थांबला का पाहते. पडद्यासाठी त्या तिघांतल्या बोदवडच्या निंबाला वर्गात लवकर यायला सांगितलंय. त्याला मोठी अक्षरं दिसतात. तो 'काळं आहे मॅडम' म्हणाला की ती पेटी बंद करून पुन्हा उघडते आणि दुसरं चित्र निवडते. परवा सहाव्या वेळी लागलं. तोवर अकरा वाजून सात मिनिटं झाली होती, नऊही जण वाट बघत होते. तिनं उशिराबद्दल माफी मागितली आणि धडा सुरू केला.